अंगावर पाजताना वजन उतरवायचं असेल तर आधी दुधाचा खर्च कोण भरतंय ते पाहा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मला नीट समजलाय की नाही ते कळेल. बाळ साडेतीन महिन्यांचं आहे आणि फक्त अंगावर पितं. तुमचं वय २९, उंची १५८ सेंटिमीटर. दिवस राहिले तेव्हा वजन ६३ किलो होतं, प्रसूतीच्या आदल्या आठवड्यात ७९, आज ७१. पहिल्या सहा आठवड्यांत आठ किलो झरझर उतरले आणि त्यानंतरचे दोन महिने काटा जागचा हललेला नाही. एका मैत्रिणीने १२०० कॅलरींचा आहारतक्ता पाठवलाय. घरचे म्हणताहेत, डाएट केलंस तर दूध आटेल. ऐकायचं कुणाचं?

माझं काम बाळंतिणींचा आहार आणि स्तनपान याच विषयातलं आहे, आणि हा प्रश्न बहुतेक वेळा याच दोन टोकांमध्ये अडकून माझ्यापर्यंत येतो. थोडं खाणं आवरलं म्हणून दूध आटत नाही, त्यामुळे घरच्यांची भीती आहे तेवढी खरी नाही. पण तक्ता देणाऱ्या मैत्रिणीने एक गोष्ट हिशेबात धरलेलीच नाही. तुमच्या शरीरात रोज जे दूध तयार होतंय त्याचा खर्च कुठून तरी भागतोच. ताटातून भागला नाही तर तो तुमच्या अंगातून वसूल होतो. त्यातली काही वसुली आपल्याला हवीच आहे, म्हणजे चरबीची. बाकीची नको आहे. मला तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे दिसतो.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत आणि उत्तर त्यांच्यावर अवलंबून आहे. प्रसूती नैसर्गिक झाली की सिझेरियन, रक्तस्राव किती झाला, हिमोग्लोबिन किती आहे, थायरॉइड किंवा मधुमेह आहे का, बाळाचं वजन वाढीच्या तक्त्यातल्या त्याच्या रेषेवर वाढतंय का, तुमचं मन कसं आहे. हे सगळं ठीक आहे असं धरून पुढचं लिहिते. यातलं काही ठीक नसेल तर आधी डॉक्टरांकडे जा, वजनाचं नंतर बघू.

आता ते झरझर गेलेले आठ किलो. बाळ, वार आणि गर्भजल मिळून पाच-सहा किलो प्रसूतीच्या दिवशीच जातात. मग पुढच्या काही दिवसांत गरोदरपणात साठलेलं जादा पाणी लघवी-घामावाटे निघून जातं, वाढलेलं रक्त पूर्ववत होतं, आणि प्रसूतीनंतर साधारण एक किलोचं असलेलं गर्भाशय सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्या आत येतं. म्हणजे त्या आठ किलोंत चरबी जवळजवळ नव्हतीच. ती आता कुठे सुरू व्हायची आहे, आणि चरबी पाण्याच्या वेगाने उतरत नाही. पहिला महिना संपल्यावर भुकेप्रमाणे खाणाऱ्या आईचं वजन सरासरी महिन्याला अर्धा ते एक किलो उतरतं. काहींचं तेवढंही उतरत नाही, काहींचं वाढतं. ‘पाजत राहा, आपोआप बारीक होशील’ हे वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की काटा थांबला की बायकांना आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटतं. तुमचं काही चुकलेलं नाही. अंगावर पाजताना भूक वाढते, झोपेचे तुकडे होतात, आणि बाळ मांडीवर असल्यामुळे दिवसाचा बराच वेळ बसून जातो. दुधावाटे जाणाऱ्या कॅलरी अशा परत भरून निघतात.

हिशेब मांडू. फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसाला साधारण ७५० ते ८०० मिली दूध घेतं. १०० मिली दुधात ६५ ते ७० कॅलरी असतात. म्हणजे पाचशेच्या आसपास कॅलरी दुधातूनच जातात, शिवाय ते तयार करायला शरीराला वेगळी ऊर्जा लागते ती आणखी. तुमच्या वयाच्या, उंचीच्या आणि वजनाच्या, फारशी धावपळ नसलेल्या स्त्रीला पाजत नसतानाही वजन आहे तिथे ठेवायला ढोबळमानाने १९०० ते १९५० कॅलरी लागतात. त्यात दुधाचे ५०० मिळवा, आकडा २४०० च्या पुढे जातो. आता १२०० चा तक्ता पाळला तर रोजची तूट १२०० च्या वर पडते. पाजत नसलेल्या बाईसाठी तो तक्ता नुसता कडक असेल, तुमच्यासाठी तो अर्धपोटी राहणं आहे. तेवढ्या खाण्यात प्रथिनं, लोह, कॅल्शियम, बी१२ हे सगळं बसवणं मलाही जमत नाही, आणि मी रोज हेच करते.

तुमच्यासाठी मी १९०० ते २००० कॅलरींच्या आसपास थांबेन. तूट पाचशेच्या आत राहील आणि वजन आठवड्याला पाव ते अर्धा किलोने उतरेल. अर्धा किलो ही वरची मर्यादा समजा. पाजणाऱ्या आईने १५०० च्या खाली जाऊ नये, हा नियम मी सहसा कुणासाठी मोडत नाही. कॅलरी मोजणं तुम्हाला शक्य नसेल तर मोजू नका. सध्या जे खाताय त्यातून काय काढायचं ते खाली सांगते, बहुतेकींचं तेवढ्यावर भागतं. आठ किलोंना याप्रमाणे पाच-सहा महिने लागतील. ऐकायला लांब वाटेल, पण ते वजनही नऊ महिन्यांत चढलेलं आहे.

दुधाचं काय, या काळजीवर थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण घरच्यांना तुम्हाला काहीतरी ठोस सांगावं लागेल. २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वजन जास्त असलेल्या, फक्त अंगावर पाजणाऱ्या ४० स्त्रिया त्यात होत्या. त्यातल्या काहींनी प्रसूतीनंतरच्या चौथ्या आठवड्यापासून चौदाव्यापर्यंत रोजचं खाणं सुमारे ५०० कॅलरींनी कमी केलं आणि आठवड्यातून चार दिवस ४५ मिनिटं व्यायाम केला. त्यांचं वजन आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरलं, आणि त्यांच्या बाळांची वजनं व उंची दुसऱ्या गटातल्या बाळांइतकीच वाढली. उलट बाजूनेही पाहू. गांबियात कमी खाणाऱ्या बाळंतिणींना मुद्दाम जादा आहार देऊन पाहिला, तर दूध वाढलं नाही. आईच्या ताटावर दूध आपल्याला वाटतं तितकं हलत नाही. ते मुख्यतः बाळ किती वेळा आणि किती चांगलं ओढतं यावर ठरतं. स्तन रिकामा झाला की पुढचं दूध भराभर तयार होतं, भरलेला राहिला की निर्मिती मंदावते.

म्हणूनच ‘डाएट सुरू केलं आणि दूध कमी झालं’ असं कुणी म्हणालं की मी ताटाआधी दुसऱ्याच गोष्टी विचारते. रात्रीच्या पाजण्याचं अंतर वाढलंय का? मधे बाटली सुरू झाली का? बाळाला चोखणी दिली जातेय का? इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी सुरू केलीत का? सर्दीसाठी स्यूडोएफेड्रिन असलेलं औषध घेतलंत का? शेवटच्या दोन्हींमुळे दूध खरोखर कमी होतं आणि दोष आहारावर येतो.

तिसऱ्या महिन्याची एक गंमतशीर अडचण आहे, ती तुम्हाला आजच सांगून ठेवते. साधारण याच सुमारास स्तन पूर्वीसारखे टच्च भरत नाहीत, मऊ वाटतात. गळती थांबते. बाळ वीस-पंचवीस मिनिटांऐवजी पाच-सात मिनिटांत पिऊन मोकळं होतं, मान वळवून इकडेतिकडे बघायला लागतं. त्याची वजनवाढही आधीपेक्षा मंदावते. हे सगळं वयानुसार होतं, मागणी आणि पुरवठा एकमेकांशी जुळल्याची ती खूण आहे. पण बायका नेमक्या याच वेळी वजन उतरवायला घेतात आणि दोन्हींची सांगड घालून घाबरतात. मग वरचं दूध सुरू होतं, स्तनावरचं ओढणं कमी होतं, आणि त्यामुळे खरोखरच दूध घटतं. असं होताना मी इतक्यांदा पाहिलंय की आता आहाराचं बोलण्याआधी हेच समजावून सांगते.

बाळाला पुरतंय की नाही ते बाळाकडे बघून ठरवा. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा चांगली शू, पिऊन झाल्यावर सैल पडलेले हात, जागं असताना तरतरी, आणि वाढीच्या तक्त्यावर स्वतःची रेषा धरून चाललेलं वजन. पहिल्या तीन महिन्यांत आठवड्याला १५० ते २०० ग्रॅम वाढणारं बाळ तीन ते सहा महिन्यांत १०० ते १५० ग्रॅमवर येतं. तक्ता जागतिक आरोग्य संघटनेचा २००६ चा वापरला जातोय ना ते विचारा, कारण तो अंगावर पिणाऱ्या मुलांच्या वाढीवरून तयार केलेला आहे. वजन रोज करू नका, दोन आठवड्यांतून एकदा, त्याच काट्यावर.

आता ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही त्या माणसाकडे, म्हणजे तुमच्याकडे, वळते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक आई आली होती, बाळ पाच महिन्यांचं. तिने तीन महिने अकराशे-बाराशे कॅलरींवर काढले होते. बाळ गुटगुटीत होतं, वजन उत्तम वाढत होतं, त्यामुळे घरी सगळे खूश. ती मात्र जिना चढताना धापा टाकत होती, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, हिमोग्लोबिन नऊच्या खाली. नऊ किलो उतरले होते, पण तिच्या हातापायांत जोरच राहिला नव्हता, कारण चरबीबरोबर स्नायूही गेले होते. बाळाचं बरं चाललंय म्हणजे आईचं बरं चाललंय असं धरून चालता येत नाही, हे तिच्यामुळे माझ्या मनावर कायमचं ठसलं.

यामागचं कारण समजून घ्या. दुधातले घटक ढोबळपणे दोन प्रकारचे असतात. कॅल्शियम, लोह, जस्त, फोलेट हे आईने कमी खाल्ले तरी दुधात बऱ्यापैकी तेवढेच राहतात, ते तिच्या साठ्यातून काढले जातात. कॅल्शियम तर थेट हाडांतून येतं. पाजण्याच्या काळात मणक्याच्या आणि खुब्याच्या हाडांची घनता काही टक्क्यांनी कमी होते आणि पाजणं थांबल्यावर सहसा भरून येते. दुसऱ्या गटात आयोडीन, अ जीवनसत्त्व, ब गटातली बरीच जीवनसत्त्वं, विशेषतः बी१२, आणि डीएचए नावाचा मेदघटक. हे आईच्या आहारात कमी झाले की दुधातही कमी होतात. मांस, मासे, अंडी, दूध यातलं काहीच न खाणाऱ्या आईच्या बाळाला बी१२ अभावी मेंदू आणि मज्जासंस्थेचं नुकसान होऊ शकतं. तुम्ही काय खाता ते प्रश्नात लिहिलेलं नाही. हे पदार्थ वर्ज्य असतील किंवा फार कमी असतील तर बी१२ तपासून पूरक गोळी सुरू केल्याशिवाय खाण्यातून काहीही कमी करू नका. ड जीवनसत्त्व आईच्या दुधात तसंही कमीच असतं, तुम्ही डाएट करा किंवा नका करू. बाळाला त्याचे थेंब चालू आहेत का तेही विचारून घ्या.

तर काढायचं काय? आधी प्यायच्या गोष्टींतली साखर. पाजताना तहान खूप लागते आणि ती गोड पेयांनी, ज्यूसने, चार-पाच कप साखरेच्या चहाने भागवली जाते. अनेकींच्या बाबतीत इथेच दोनशे-तीनशे कॅलरी सापडतात. पाणी तहानेपुरतं प्या, जबरदस्तीने लिटरवर लिटर प्यायल्याने दूध वाढत नाही. त्यानंतर पाकिटातले तळलेले आणि गोड पदार्थ. त्यानंतर ‘दूध वाढावं म्हणून’ आग्रहाने दिलं जाणारं जादा तूप-साखरेचं खाणं. आग्रह प्रेमाचा असतो, मान्य आहे, पण दूध ओढण्याने वाढतं हे वरती सांगितलंच.

जे काढायचं नाही ते म्हणजे प्रथिनं. दिवसाला ७० ग्रॅमच्या आसपास धरा आणि प्रत्येक खाण्यात थोडी येऊ द्या: डाळी-कडधान्यं, दूध-दही, अंडी, मासे, जे तुम्ही खाता ते. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि स्नायू टिकतात. धान्यंही ताटात राहू द्या, फक्त साखर-मैद्याऐवजी सालासकटची. अर्धं ताट भाज्या. आणि रात्रीची भूक खरी असते, तिच्याशी भांडू नका. पहाटे तीनला पाजून झाल्यावर हात थरथरत असतील तर खायलाच हवं. त्या वेळी हाताशी बिस्किटांचा पुडा असेल तर तोच संपतो, म्हणून एका हाताने खाता येईल असं काहीतरी, फळ, उकडलेलं अंडं, मूठभर दाणे, झोपण्याआधीच उशाशी ठेवा. माझ्याकडे येणाऱ्यांना सगळ्यात जास्त फायदा याच एका सवयीने झालाय.

काही गोष्टींना मी स्पष्ट नाही म्हणते. पिष्टमय पदार्थ जवळपास बंद करणारे आहार पाजताना नकोत. दूध तयार करायला शरीर ग्लुकोज वापरतं. तो बाहेरून येणं थांबलं आणि त्यात उपास किंवा उलट्या-जुलाब जोडले गेले, तर रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारे आम्ल घटक, साठून रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. हे दुर्मीळ आहे, पण मधुमेह नसलेल्या पाजणाऱ्या आयांनाही यासाठी दवाखान्यात भरती व्हावं लागलंय. मळमळ, उलट्या, पोटदुखी, प्रचंड गळाठा, श्वास जोरात चालणं अशी लक्षणं दिसली तर लगेच दवाखाना गाठायचा आणि आपण पाजतोय हे आवर्जून सांगायचं. दिवसदिवस न खाण्याचे प्रकारही याच कारणाने नकोत. वजन उतरवायच्या गोळ्या, सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं, ‘नैसर्गिक’ म्हणून विकली जाणारी चूर्णं आणि चहा, जुलाबाची औषधं, यातलं काहीही पाजत असताना स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही.

व्यायामाबद्दल लोक विचारतात, दूध आंबट होतं का? मध्यम व्यायामाने दुधाच्या प्रमाणात किंवा घटकांत फरक पडत नाही, हे १९९४ सालच्या अभ्यासात तपासलं गेलंय. फार दमवणाऱ्या व्यायामानंतर दुधात लॅक्टिक आम्ल थोडं वाढतं, त्याने बाळाला अपाय होत नाही. आधी पाजून घ्या, छातीला नीट आधार देणारी ब्रा घाला आणि चालायला लागा. आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत हळूहळू पोचायचं, दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतात. पण त्याआधी ओटीपोटाचं बघा. खोकताना, शिंकताना लघवी सुटते का? उताणं झोपून डोकं उचललं की पोटाच्या मध्यभागी उंचवटा दिसतो का? यातलं काही असेल तर उड्या, धावणं, पोटाचे जोरकस व्यायाम आत्ता नको. आधी ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. सिझेरियन झालं असेल तर वजन उचलायला लागण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि काटा दोन महिने हलत नाहीये, तर एक साधी तपासणी सुचवते: टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी. बाळंतपणानंतरच्या वर्षात काही जणींना थायरॉइडचा दाह होतो. सुरुवातीला धडधड आणि अस्वस्थता, मग साधारण चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान थकवा, थंडी वाजणं, वजन न उतरणं. ही लक्षणं सहज ‘बाळामुळे झोप नाही ना’ या नावाखाली झाकली जातात. केस गळणं मात्र तीन-चार महिन्यांच्या सुमारास बहुतेकींना होतं, त्यावरून घाबरू नका.

मनाचंही विचारते, कारण तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य माझ्या लक्षात राहिलंय: ‘आरशात बघवत नाही.’ हे अधूनमधून वाटत असेल तर मी समजू शकते. पण रोज रडू येत असेल, बाळाजवळही काही वाटेनासं झालं असेल, भूक किंवा मिळालेली झोपही उडाली असेल, तर वजनाचा विषय बाजूला ठेवा आणि या आठवड्यातच डॉक्टरांशी बोला. त्या अवस्थेत मी कुणालाही खाणं कमी करायला सांगत नाही.

सुरुवात अशी करा. पहिले दोन आठवडे फक्त पेयांतली साखर आणि पाकिटं काढा, उशाशी खाणं ठेवा, रोज थोडं चाला. स्वतःचं वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी. दोन आठवड्यांनी बाळाचं वजन बघा. ते रेषेवर असेल आणि तुम्हाला चक्कर, गळाठा नसेल तर मग ताट थोडं आवरा. बाळाची वाढ सलग दोन वेळा मंदावली, किंवा तुमचं वजन आठवड्याला एक किलोने उतरायला लागलं, तर लगेच दोन-तीनशे कॅलरी परत वाढवा आणि किती वेळा पाजता ते मोजा.

शेवटी विचारलंत, की दूध सोडेपर्यंत थांबू का. थांबायची गरज नाही, आणि वजनासाठी दूध लवकर सोडायची तर मुळीच नाही. फक्त सहा महिन्यांनंतर बाळ वरचं खायला लागलं की अंगावरचं पिणं हळूहळू कमी होतं, आणि आईची भूक त्याच वेगाने कमी होईल असं नाही. तेव्हा दुधाचे ते ५०० हळूहळू ३०० वर येतील आणि ताट जुनंच राहील. बाळाचं एक-एक जेवण वाढेल तसं तुमचं एक-एक मधलं खाणं काढत चला.